बँकेखालचे संगणक दुकान : रॅम, एसएसडी आणि केबलच्या कामाचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी संगणकाचा सुटा भाग घ्यायला गेले की बहुतेक दुकानांत पहिला प्रश्न येतो, "किती जीबी पाहिजे?" हा प्रश्न अपुरा आहे. जीबी हे माप रॅमला लागते, हार्ड डिस्कला लागते, मोबाइलच्या डेटा पॅकलाही लागते, आणि या तिन्ही ठिकाणी त्याने मोजली जाणारी वस्तू वेगळी असते. बसस्थानकाकडून बाजाराकडे जाताना बँकेच्या शाखेच्या खालच्या गाळ्यात जे लहानसे दुकान आहे, आणि ज्याला पंचक्रोशीतले लोक 'बँकेखालचे दुकान' एवढ्याच नावाने ओळखतात, तेथे आधी मशीनवर काम कोणते चालते ते विचारतात आणि जीबीचा विषय त्यानंतर निघतो. रॅम आणि साठवणुकीच्या कामासाठी हे दुकान मला नागपूर-अमरावतीच्या फेऱ्यांपेक्षा बरे वाटले. नेटवर्कच्या कामाबाबत मात्र माझे मत इतके चांगले नाही.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे, जातीचे आणि रहिवासाचे दाखले, सातबारा व आठ-अ चे उतारे, जुलै महिन्यात पीक विम्याचे अर्ज, हे सगळे एका डेस्कटॉपवर आणि एका लॅपटॉपवर चालते. डेस्कटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा, एका कार्यालयातून निघालेला जुना आहे. त्यात आठ जीबी डीडीआर३ (म्हणजे जुन्या पिढीची) रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. पेरणी आटोपून आलेले शेतकरी रांगेत उभे असताना हे यंत्र सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेत असे, आणि स्कॅन केलेला कागद उघडताना पडद्यावर चाक फिरत राहत असे. रॅम वाढवून उपयोग होईल का, हे विचारण्यासाठी मी ते दुकानात नेले.

दुकानदाराने यंत्र सुरू केले आणि माझ्या केंद्रात एका वेळी जे जे उघडे असते ते सगळे उघडायला लावले. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून यंत्राच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर समोर आणला. मेमरीच्या रकान्यात साठ टक्क्यांच्या आसपास आकडा होता. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के होते आणि ते खाली उतरत नव्हते. "भाऊ, याले रॅम नाई पायजे, याची डिस्क बदलवा," असे म्हणून त्याने काढून ठेवलेले रॅमचे पाकीट पुन्हा कपाटात टाकले. विक्रीची वस्तू हातात असताना ती परत ठेवणारा दुकानदार आमच्या बाजारात दुर्मिळ आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

त्या दोन रकान्यांचा अर्थ ज्याला कळतो त्याची अर्धी फसवणूक टळते, म्हणून तो येथे विस्ताराने देतो. रॅम म्हणजे चालू कामाची स्मृती. तिच्यातला प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सर्वांत लहान अंश, एका अतिसूक्ष्म धारित्रात (कपॅसिटरमध्ये) विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार सतत गळत असतो, त्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणे थांबते आणि रॅममधले सगळे पुसले जाते. आमच्याकडे लाइन केव्हाही जाते; अर्धवट टंकलेले आणि सेव्ह न केलेले पत्र पुन्हा सापडत नाही, त्याचे कारण हेच आहे. हार्ड डिस्क आणि तिच्याऐवजी वापरतात ती चिपांवर लिहिणारी एसएसडी ही साठवणूक होय. वीज नसतानाही त्यांच्यातली माहिती टिकते. रॅम भरत आली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते, म्हणून रॅम अपुरी असली तरी डिस्कचा आकडा वाढलेला दिसू शकतो. दोन्ही रकाने एकत्र पाहायचे ते यासाठी. मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्कही शंभरवर असेल तर आधी रॅम वाढवावी. मेमरीत जागा शिल्लक असून डिस्क शंभरवर अडकली असेल, तर रॅमवर घातलेला पैसा वाया जातो.

हार्ड डिस्क का अडकते, हे साध्या गणिताने समजते. तिच्यात चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते. डेस्कटॉपमध्ये तिचा वेग बहुधा मिनिटाला ७,२०० फेऱ्या असतो, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, आणि सुईचा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने विखुरलेला एकेक तुकडा शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद खर्च होतात, आणि सेकंदाला ऐंशीच्या आसपासच तुकडे हाती येतात. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या जवळपास वेग देते, म्हणून लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना ती मंद वाटत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली डिस्कभर विखुरलेल्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने शोधण्याचा हा वेळ मिलिसेकंदाच्या लहान अंशावर येतो, आणि साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो तुकडे वाचते. जाहिरातीत जो मोठा आकडा छापतात तो सलग वाचनाचा असतो. आपल्या रोजच्या वापरात जाणवणारा फरक या शोधण्याच्या वेळातला असतो, आणि तो पाकिटावर ठळकपणे छापलेला मला तरी आढळला नाही.

माझ्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसवली. साटा म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला, यंत्राच्या मुख्य पाटीला, जोडणारी वाहिनी. साटाच्या तिसऱ्या पिढीची वाहिनी सेकंदाला सहा गिगाबिट वाहते. संकेतनासाठी लागणारा वाटा वजा जाता ६०० एमबी उरतात, आणि प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास मिळतात. याहून पुष्कळ वेगवान अशी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बाजारात आहे; पीसीआयई या साटाहून वेगवान वाहिनीच्या तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवर ती साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते. परंतु माझ्या जुन्या मदरबोर्डवर तिची खाचच नाही. दुकानदाराने येथे आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला बिलातल्या सवलतीपेक्षा मोलाची वाटली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचे यंत्र त्यात बसत नाही. म्हणजे आज ना उद्या हे यंत्र बदलावे लागणार. अशा यंत्रावर खर्च करायचाच असेल तर पुढच्या यंत्रात नेता येईल अशाच वस्तूवर करावा, असे त्याचे म्हणणे होते. साटा एसएसडी काढून साटाची सोय असलेल्या नव्या यंत्रात लावता येते. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही, कारण तिच्या पिनांची संख्या, मधल्या चिरेची जागा आणि व्होल्टेज ही तिन्ही वेगळी आहेत. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट.

बिलाचा प्रकार वाखाणण्यासारखा आहे. इतरत्र 'एसएसडी १ नग' एवढेच लिहून मिळते. येथे हाताने लिहिलेल्या बिलावर '४८० जीबी, अडीच इंच, साटा, टीएलसी, ३ वर्षे' असे लिहिले होते आणि खाली अनुक्रमांक होता. यातला टीएलसी हा शब्द ग्राहकाने हट्टाने विचारावा असा आहे. एसएसडीच्या प्रत्येक पेशीत किती बिट ठेवतात त्यावरून हे प्रकार पडतात: एसएलसीत एक, एमएलसीत दोन, टीएलसीत तीन आणि क्यूएलसीत चार. बिट जितके जास्त तितकी वस्तू स्वस्त पडते. पण त्याच पेशीत भाराच्या अधिक पातळ्या ओळखाव्या लागत असल्याने लिहिणे मंदावते आणि पेशी लवकर झिजते. ही झीज उत्पादक टीबीडब्ल्यू या आकड्याने सांगतात, म्हणजे हमीच्या काळात ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. माझ्या ड्राइव्हचा आकडा १६० आहे. रोज चाळीस जीबी लिहिले तरी हा आकडा गाठायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील, आणि सेवा केंद्रात रोज चाळीस जीबी कोणी लिहीत नाही. म्हणून एसएसडी लवकर झिजते या भीतीने हार्ड डिस्कलाच चिकटून राहण्यात अर्थ नाही.

दुकानात मी बसलेलो असताना एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की ४८० जीबीची ड्राइव्ह यंत्रात ४४७ जीबीच दिसते, मधले तेहेतीस जीबी कोणी खाल्ले. कोणीही खाल्ले नाहीत. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज १०२४ ला १०२४ ने आणि पुन्हा १०२४ ने गुणून येणारे १,०७,३७,४१,८२४ बाइट म्हणजे एक जीबी धरते. ४८० अब्ज बाइटांना या संख्येने भागले की ४४७ येतात. एक टीबीची डिस्क याच हिशोबाने ९३१ दिसते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ सालीच दुसऱ्या मापासाठी गिबीबाइट हे वेगळे नाव ठरवून दिले आहे, पण विंडोज अजूनही जीबी असेच लिहिते आणि दुकानदारांना शिव्या खाव्या लागतात. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर भागाकार करून दाखवला तेव्हा ते गृहस्थ शांत झाले, पटले असेल असे मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही.

जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या ड्राइव्हवर उतरवून, म्हणजे क्लोन करून, दुकानाने यंत्र त्याच दिवशी परत दिले. ते आता अर्ध्या मिनिटात सुरू होते. या कामाची मजुरी त्यांनी वेगळी लावली, आणि ती वाजवी होती. सुट्या भागांच्या किमती येथे देत नाही, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव अलीकडे इतके चढले आणि हलले आहेत की माझ्या बिलातला आकडा वाचकाच्या कामाचा राहणार नाही. निघालेली हार्ड डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी दिली. ती देण्यापूर्वी तिची 'स्मार्ट' तपासणी केली, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती पाहिली. खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या लहान कप्प्यांची, संख्या शून्य आहे, हे पडद्यावर दाखवले. बॅकअप एसएसडीवर न ठेवता हार्ड डिस्कवर ठेवण्याचा सल्लाही बरोबर आहे. एसएसडीतली माहिती पेशीत अडकवलेल्या विद्युतभारावर टिकते. पूर्ण झिजलेली घरगुती वापराची ड्राइव्ह वीज न देता ३० अंश सेल्सिअसला ठेवली तर माहिती एक वर्ष टिकावी, एवढीच जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा आहे, आणि तापमान वाढते तशी ही मुदत घटते. आमच्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमधले कपाट चाळीसच्या वर तापते. नवी ड्राइव्ह अर्थातच याहून पुष्कळ अधिक टिकते, पण कपाटात विसरून ठेवण्याची ती वस्तू नव्हे. माझी हरकत एवढीच की जुनी हार्ड डिस्क ही एकुलती एक प्रत असू नये, हे दुकानाने आपणहून सांगायला हवे होते.

लॅपटॉपचे काम लवकर आटोपले. त्यात दोन खाचांपैकी एका खाचेत चार जीबीची डीडीआर४-२४०० पट्टी होती आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना सतत नव्वदच्या पुढे राहत होता. येथे रॅमच हवी होती. दुसऱ्या खाचेत आठ जीबीची ३२०० वेगाची पट्टी घातली. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र आल्या की दोन्ही कमी वेगाने, म्हणजे येथे २४०० ने चालतात, हे त्याने आधीच सांगितले होते. पण बाजारात सहज मिळणारी पट्टी ३२०० चीच होती. पाकिटावर या आकड्यापुढे मेगाहर्ट्झ छापतात, ते नेमके नाही. २४०० हा सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरांचा आकडा आहे, दशलक्षांत. घड्याळ १,२०० मेगाहर्ट्झचेच असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. डीडीआर या नावातला 'दुप्पट दर' तो हाच. एका वेळी ६४ बिट, म्हणजे आठ बाइट जातात, तेव्हा २४०० ला आठने गुणले की सेकंदाला १९.२ जीबी होतात. दोन खाचांत दोन पट्ट्या असल्या की दोन वाहिन्या उघडतात. म्हणून पैसे असतील त्याने सोळाची एक घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात. डेस्कटॉपची लांब पट्टी आणि लॅपटॉपची आखूड पट्टी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हे वेगळे सांगायला नको, तरी दुकानात रोज कोणीतरी ती चुकीची घेऊन येतो असे कळले.

त्याच लॅपटॉपच्या निमित्ताने एम.२ या शब्दाचाही उलगडा झाला. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. या एकाच आकारात साटावर चालणारी ड्राइव्हही येते आणि एनव्हीएमईही येते, आणि काही खाचा दोहोंपैकी एकच स्वीकारतात. लॅपटॉप उघडून खाच पाहिल्याशिवाय हे दुकान एम.२ ड्राइव्ह विकत नाही, ही पद्धत योग्य आहे.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांबाबत एक सेवा या दुकानात फुकट मिळते, तिचा उल्लेख करतो. आठवडी बाजारात आणि ऑनलाइन 'दोन टीबी' लिहिलेले पेनड्राइव्ह अतिशय स्वस्त मिळतात. त्यांच्यातला नियंत्रक खोटी क्षमता सांगेल असा बदललेला असतो. आत खरी जागा बत्तीस किंवा चौसष्ट जीबी असते आणि ती भरल्यावर पुढची माहिती लिहिली गेल्यासारखी दिसते, पण उघडत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा लहानसा प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरतो, पुन्हा वाचून ताडतो आणि खरी क्षमता सांगतो. दुकानदार तो लावून देतो, त्याला वेळ लागतो, आणि ड्राइव्ह त्याच्याकडून घेतलेला नसला तरी तो कुरकुर करत नाही.

आता नेटवर्क. आमच्या भागात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आले ते २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून. घरापर्यंत ते स्थानिक ऑपरेटर आणतात. माझी जोडणी ५० एमबीपीएसची आहे. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून डाउनलोडच्या खिडकीत सव्वासहा एमबीच्या वर आकडा जात नाही आणि जाऊही नये. सेवा केंद्राला यातला अपलोडचा आकडा अधिक महत्त्वाचा असतो, कारण आम्ही कागद वर चढवतो. पाच एमबीची फाइल म्हणजे चाळीस मेगाबिट; अपलोड दोन एमबीपीएसचे असेल तर तिला किमान वीस सेकंद लागणार, डाउनलोड कितीही मोठे असो. पोर्टलचाच सर्व्हर बंद असेल तर यातले काहीच उपयोगी पडत नाही, आणि 'सर्व्हर डाउन' हा शब्द आता आमच्याकडे आजीबाईंनाही पाठ आहे.

फायबरच्या टोकाला जो डबा असतो त्याला लोक राउटर म्हणतात, पण त्यात चार यंत्रे एकत्र असतात. प्रकाशाचे विद्युतसंकेत करणारा ओएनटी, घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटून बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा राउटर, केबलची तोंडे असलेला स्विच आणि वायफायचा प्रक्षेपक. बिघाड कोठे आहे ते यावरून ओळखता येते. एलओएस नावाचा लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही; रस्त्याच्या कामात जेसीबीने किंवा तारेवर लोंबकळणाऱ्या वानरांनी केबल तोडली असेल, आणि त्याला ऑपरेटरच हवा. दिवा ठीक असेल तर दुकानदाराने शिकवलेली रीत उपयोगी पडते: आधी पिंग हा आदेश देऊन घरातल्या राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्याला, हाक घालावी. नंतर गूगलच्या ८.८.८.८ ला. पहिल्याकडून उत्तर अडखळत येत असेल तर दोष घरातल्या वायफायचा किंवा केबलचा. पहिले झटकन आणि दुसरे रखडत येत असेल तर दोष बाहेरचा. ही रीत कळल्यापासून ऑपरेटरशी होणारे वाद बरेच लहान झाले आहेत.

डबा राहत्या घरात आहे आणि केंद्र अंगणापलीकडे टिनाच्या शेडमध्ये आहे. घराच्या भिंती मातीच्या, दोन हात जाड. वायफायच्या दोन लहरपट्ट्यांपैकी (बँडपैकी) ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण अशा भिंतींपुढे लवकर थकते, २.४ गिगाहर्ट्झची पुढे जाते, पण तिच्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, आणि टिनाचा पत्रा दोघींनाही परतवतो. दुकानदाराने महागडा राउटर गळ्यात न मारता केबल सुचवली, येथवर सगळे ठीक झाले. ओढलेली केबल मात्र ठीक नव्हती.

तिच्या वेष्टनावर कॅट-६ असे (हा नेटवर्क केबलचा दर्जा) ठळक आणि सीसीए असे बारीक छापले होते. सीसीए म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. खरी कॅट-६ किंवा कॅट-५ई केबल पूर्ण तांब्याची असते आणि १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देते. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याहून सुमारे दीडपट असतो आणि वाकवताना ते लवकर तुटते. जोडणी झाल्यावर दोन्ही टोकांची तोंडे एक गिगाबिटची असूनही वेग १०० एमबीपीएसच दिसत होता. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात; एखादी जोडी तुटली की बहुतेक यंत्रे मुकाट्याने १०० वर येतात. माझ्या ५० च्या जोडणीला त्याने फरक पडला नसता, म्हणूनच असा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. टेस्टर लावल्यावर आठांपैकी एक दिवा लागला नाही. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, तार आतच तुटली होती. दुकानातल्या मुलाने येऊन ते पैसे न घेता दुरुस्त केले. पण तांब्याची केबल दुकानात असताना न विचारता सीसीए का घातली, याचे उत्तर 'गिऱ्हाईक स्वस्त मागते' एवढेच मिळाले. रॅम परत कपाटात ठेवणाऱ्या माणसाकडून हे उत्तर अपेक्षित नव्हते. जेथे केबलमधूनच वीज देऊन कॅमेरे चालवायचे असतात तेथे तर सीसीए घालूच नये; तार तापते आणि टोकापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. ओळखायची रीत सोपी आहे, ब्लेडने तार खरवडावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नव्हे.

दुसरी उणीव उघड्यावरच्या ओढीची आहे. घरात वापरायची साधी केबल उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. मी सांगितल्यावर ती पाइपातून नेली. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार गेली की जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरू शकतो, आणि आमच्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात विजा भरपूर पडतात. घर आणि शेड यांमधला तुकडा फायबरचा करता आला असता, कारण काच वीज वाहत नाही; निदान ढग गडगडू लागले की केबल दोन्हीकडून काढून ठेवा, एवढे तरी सांगायला हवे होते. दुकानात हा विषय निघालाच नाही.

वॉरंटीबाबत लक्षात ठेवण्याजोगे असे की बिघडलेली रॅम किंवा एसएसडी दुकान स्वतः बदलून देत नाही, कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवते, आणि तोवर बदली वस्तू मिळत नाही. अनुक्रमांक लिहिलेले बिल त्या वेळी लागतेच. सोमवारी बाजार असल्याने दुकानात उभे राहायला जागा नसते. यंत्र तपासून घ्यायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, आणि केबलचे काम द्यायचे असेल तर पूर्ण तांब्याच्या केबलचा मीटरमागचा भाव आधी कागदावर लिहून घ्यावा.